४० एचपी आऊटबोर्ड हाफ थ्रॉटलवर ठेवूनसुद्धा पेट्रोल फार खातंय

नेरूलची_होडी
नमस्कार मंडळी. माझी २१ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० एचपी टू-स्ट्रोक, टिलर हँडलचं. गोव्यात कोको बीचवरून डॉल्फिन दाखवायला जातो आणि गिऱ्हाईक मिळालं की ग्रँड आयलंडला. या सीझनला पेट्रोल एवढं जातंय की ट्रिपच्या पैशातून हातात काही उरतच नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, तरी फरक नाही. मी फुल थ्रॉटल सहसा देत नाही, अर्ध्यावरच ठेवतो, म्हणजे ८-९ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) पडतात, मोबाईलच्या जीपीएसवर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) जरा वर असते पण बोट चालते. चार माणसं असली तर फुल दिल्यावर प्लेनिंगवर येते (वर उचलून पाण्यावरून घसरत जाते), आठ बसली की येतच नाही. पंखा १३ पिचचा आहे (म्हणजे एका फेरीत हिशोबाने १३ इंच पुढे नेणारा), बोट घेतली तेव्हापासून तोच. बोट नदीतच नांगरलेली असते. आता फोर-स्ट्रोक घ्यावं की आहे त्यातच काही करता येईल? कर्ज काढायच्या आधी विचारतोय.

रायबंदर_गॅरेज
कर्ज थांबवा आधी. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी मला खटकल्या त्या सांगतो.

पहिली म्हणजे ते ८-९ नॉट. पाण्यावर सगळ्यात महाग वेग तोच. तुमची बोट पाण्यात बसते ती लांबी धरा १९ फूट, तर त्याचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे साधारण ५.८ नॉट. तिथपर्यंत बोट पाणी बाजूला सारत आरामात जाते. त्याच्यावर गेलात की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, नाळ वर जाते, मागचा भाग रुततो, पाठीमागे हा मोठा पाण्याचा डोंगर उठतो, आणि तुमचं पेट्रोल तो डोंगर उठवण्यात जातं. पूर्ण प्लेनिंगवर आली की परत हलकी होते. म्हणजे एक तर ५-६ नॉटने जा नाहीतर सरळ १५च्या वर, मधल्या वेगात रेंगाळू नका. थ्रॉटल अर्धा आहे म्हणजे पेट्रोल वाचतंय असं बहुतेक सगळे धरून चालतात, पण हिशोब तासाला किती लिटर हा नाही, मैलाला किती लिटर हा करायचा.

दुसरी म्हणजे पंखा. आठ माणसांवर प्लेनिंगला येत नाही म्हणजे इंजिन दबून चालतंय असा माझा अंदाज. टॅकोमीटर नसेल तर कुणाकडून तरी आणा, रोजचा लोड घ्या, फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, तुमच्या साईजच्या टू-स्ट्रोकला बऱ्याचदा ४५०० ते ५५००. त्या रेंजच्या वरच्या अर्ध्यात आकडा आला पाहिजे. खाली आला तर पंखा जड आहे, मग प्लग बदला नाहीतर कार्ब्युरेटर, काही होणार नाही.

चापोऱ्याचा_गडी
वरच्यांशी सहमत, पण मी एक विचारतो, बोट शेवटची वर कधी काढली? नदीत नांगरलेली आहे म्हणता. पावसात पाणी गोडं होतं तेव्हा बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचवाले जीव) मरतात हे खरं, पण त्यांची कवचं चिकटलेलीच राहतात, वरून हात फिरवला तर कानशीसारखा खडबडीत लागतो तळ. नुसती शेवाळाची बुळबुळीत साय असली तरी वेग पडतो. एकदा बोट वाळूवर कलती करून प्लास्टिकच्या पट्टीने तळ खरवडा आणि अँटिफाउलिंग (हे जीव बसू न देणारा रंग) मारा, मात्र तांब्याचा रंग इंजिनच्या खालच्या पायाला लावू नका, तो ॲल्युमिनियमचा असतो, खाऊन टाकतो त्याला. पाणी घेण्याच्या जाळीतसुद्धा बार्नॅकल बसतात ते बघून घ्या. आणि नांगरल्यावर इंजिन वर उचलून ठेवत जा.

तळात साठलेलं पाणी उपसता का रोज? एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटर पाणी राहिलं तर दीड माणूस फुकट फिरवताय. जुन्या फायबरच्या बोटीत आतला फोम पाणी पितो, तो बाहेरून दिसत पण नाही.

मांडवीकाठ
मला वाटतं भरती-सुकतीचा विचार कुणी केला नाही इथे, आणि मांडवीत तो करायलाच लागतो. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) दिवसांत मुखाजवळ ओढ चांगलीच असते, भांगाला (अष्टमीच्या आसपास) कमी. साधा हिशोब करा, तुमची बोट ६ नॉटने चाललीय आणि पाणी २ नॉटने. सोबत गेलात तर जमिनीवर ८ पडतात, विरुद्ध गेलात तर ४. चार सागरी मैल जायला सोबत अर्धा तास, विरुद्ध एक तास, म्हणजे पेट्रोल दुप्पट. हेच १८ नॉटवर २० आणि १६, फरक फार जाणवत नाही. म्हणजे हळू जाणाऱ्याने घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक आधी बघायचं. जमेल तेव्हा सुकतीबरोबर बाहेर पडा आणि भरतीबरोबर आत या. फक्त सुकती आणि बाहेरचा वारा समोरासमोर आले की आग्वादच्या तोंडाशी पाणी उभं राहतं, तिथे पेट्रोल वाचवायच्या नादात जाऊ नका.

दुसरं, ग्रँडला सकाळी लवकर निघा. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा धरतो आणि तुमचा परतीचा रस्ता उत्तरेलाच, म्हणजे अख्खी लाट नाळेवर घेत यायचं. तेच अंतर, पेट्रोल जास्त, आणि प्रवासी भिजलेले ते वेगळंच.

डॉल्फिन दिसले की इंजिन सरळ बंद करा हो. त्यांच्या मागे थ्रॉटल देत फिरणं, गोल वळणं, परत थांबणं, यात पेट्रोल पण जातं आणि त्या जिवांना पण त्रास होतो. थोडं लांब बंद करून थांबलं की बऱ्याचदा तेच जवळ येतात.

नेरूलची_होडी
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. टॅको मागून आणला, सहा माणसं घेऊन फुल थ्रॉटलला ४२०० दाखवतं, मॅन्युअलमध्ये ४५००-५५०० च आहे. आणि मापून बघितलं, टाकी काठोकाठ भरायची, ठरलेलं अंतर एकाच वेगाने जाऊन परत यायचं म्हणजे पाण्याची ओढ दोन्ही बाजूंनी मोजली जाते, मग मापाने परत भरायची. ९ नॉटला मैलाला जवळपास १ लिटर, चार माणसांवर १७ नॉटला पाऊण लिटरच्या आसपास, आणि ५ नॉटला ०.६. बघून धक्काच बसला, कारण दिवसभर मी त्या ९ वरच असतो. तळ या आठवड्यात खरवडतोय. आता पंखा कितीचा घेऊ? आणि फोर-स्ट्रोकचं काय?

रायबंदर_गॅरेज
छान केलंत मापलंत ते. १३चा काढून ११ पिच घ्या. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे ४२०० चे ४५०० ते ४६०० होतील, आणि तळ साफ झाल्यावर अजून थोडे. आधी तळ साफ करा, मग परत आकडा बघा, मगच पंखा घ्या, नाहीतर कमी पिचचा घेऊन बसाल आणि चार माणसांवर इंजिन जास्त फिरेल.

घसरण, म्हणजे पंख्याच्या हिशोबापेक्षा बोट किती कमी जाते, ती पण तपासता येते. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, उत्तर नॉटमध्ये. समजा ५००० आरपीएम, १२ पिच, रेशो २, तर २४.७ नॉट निघतात. जीपीएसवर २० पडले तर जवळपास १९ टक्के घसरण, हलक्या प्लेनिंग बोटीला १० ते २० चालते, तुमच्यासारख्या लोड घेणाऱ्याला थोडी जास्त. अचानक वाढली, म्हणजे इंजिन घोंगावतं पण बोट सरकत नाही असं झालं, तर पंख्याच्या मधलं रबर सुटलंय समजा.

इंजिनची उंची बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत हवी, फार तर इंचभर वर. खाली गेली तर उगाच पाणी कापत राहते. टिल्टची (इंजिनचा कल ठरवणारी) पिन एक भोक मागेपुढे करून बघा, नाळ उसळत राहिली तर आत घ्या, नाळ पाण्यात घुसत असेल तर बाहेर.

फोर-स्ट्रोकचं खरं उत्तर तुमच्या तासांवर आहे. कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हाच एक्झॉस्टचं भोक उघडं असतं, त्यातून २५ ते ३० टक्क्यांपर्यंत पेट्रोल न जळताच बाहेर जातं. कोको बीचवर इंजिन आयडल ठेवून मागे बघा, पाण्यावर रंगीत तवंग पसरतो तो तुमच्या पैशाचाच. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकमध्ये हे होत नाही, पण ते वजनाला जड, तुमचा ट्रान्सम (इंजिन टांगतात ती मागची फळी) पेलतो का ते आधी बघावं लागेल. रोज अनेक तास चालत असेल तर वसूल होतं, शनिवार-रविवार फिरवत असाल तर नाही.

चापोऱ्याचा_गडी
एक राहिलं, पेट्रोल. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ई-२० वर ६-७ टक्के फटका तसाच बसतो, यात इंजिनचा काही दोष नाही. शिवाय ते ओल ओढतं, आपल्या हवेत अर्धी टाकी बरेच दिवस उघडी राहिली तर पाणी खाली बसू शकतं. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा, जुनी पाईप फुगलीय का बघा. पावसाळी बंदीत १ जूनपासून बोट बांधून ठेवाल तेव्हा टाकीत पेट्रोल शिल्लक ठेवू नका. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये असेल त्याच प्रमाणात, वाचवायला कमी करू नका.

मांडवीकाठ
आठ माणसं असतील त्या ट्रिपला प्लेनिंगचा हट्ट सोडा, कोको बीच ते आग्वाद अंतर किती ते, ५-६ नॉटने आरामात जा. ग्रँडला मात्र कमी माणसं घेऊन प्लेनिंगवर. सामान आणि माणसं मध्यभागी बसवा, मागे सगळी गर्दी झाली की नाळ उठतेच. आणि माणसं कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या (बंदर खात्याच्या) लायसनवर आहेत तेवढीच, हे सांगायला नको.

रायबंदर_गॅरेज
पंखा घेताना जुना सोबत घेऊन जा, मधल्या भोकातले दात आणि व्यास जुळवूनच घ्या. जुना १३चा टाकू नका, कॉटर पिन आणि पान्यासकट बोटीत ठेवा, मुखाजवळच्या वाळूवर पंखा आपटला तर तोच घरी आणेल.