शीर्षकातल्या कोडच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करावे का?

लातूर, अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका
आमच्या विभागाची पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची प्रात्यक्षिक पुस्तिका छपाईला जायची आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या सहकाऱ्यांनी शीर्षकांतील प्रत्येक रोमन शब्दाचे पहिले अक्षर मोठे केले, त्यामुळे ‘प्रिंट’, ‘लेन’, ‘रेंज’ ही सारी फंक्शने मोठ्या अक्षराने सुरू झाली आहेत. मला हे चूक वाटते. पायथॉन लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते; मोठ्या ‘पी’चा ‘प्रिंट’ त्याला अनोळखी नाव वाटतो आणि ते ‘नेमएरर’ ही त्रुटी देते. उलट ‘ट्रू’, ‘फॉल्स’, ‘नन’ यांचे पहिले अक्षर मोठेच लागते. आमची पुष्कळ मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत; देवनागरीत हा भेदच नसल्याने पानावर जे ठळक दिसते तेच ती टंकतात, आणि पानावर सर्वांत ठळक शीर्षकच असते.

छत्रपती संभाजीनगर, सॉफ्टवेअर दस्तऐवजांचे लेखक
मॅडम, अक्षर बदलू नये हे मान्य. पण कोडचा शब्द शीर्षकात हवाच कशाला? ‘अपेंड’ असे शीर्षक ज्याला अपेंड आधीच ठाऊक आहे त्यालाच कळते, तर ‘यादीच्या शेवटी घटक जोडणे’ हे पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यालाही कळते. शिवाय देवनागरीच्या ठळक ओळीत समान रुंदीचा रोमन टंक बसवला की ओळ विसंगत दिसते, आणि अनुक्रमणिका तयार होताना टंकातला तो फरक पुष्कळदा गळूनही पडतो.

नांदेड, प्रोग्रामर
सर, मी याच्या विरोधात आहे. अडलेला माणूस संकल्पना शोधत नाही, तो पडद्यावर दिसलेला शब्द शोधतो. अपेंड एकच घटक शेवटी जोडते, एक्स्टेंड दुसऱ्या यादीतले सारे घटक एकेक करून जोडते, इन्सर्ट सांगितलेल्या जागी घालते. ‘यादीत घटक जोडणे’ या शीर्षकाखाली तिघांपैकी नेमके कोणते आहे हे पान उघडल्याशिवाय कळणार कसे? टंक विसंगत दिसतो म्हणता, तर तो तसा दिसावा यासाठीच वेगळा केलेला असतो: इथून इथपर्यंतची अक्षरे संगणकाची, बाकीची आपली.

परभणी
एक भेद पाळावा. ‘गिट’ हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीचे नाव म्हणून लिहिताना मोठे अक्षर, पण आज्ञा म्हणून लिहिताना सगळी लहान. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या ‘सिलेक्ट’सारख्या शब्दांना मात्र लहान-मोठ्याचा फरक पडत नाही, तिथे पुस्तिकेभर एकच पद्धत राखली की पुरे.

लातूर, अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका
नांदेडच्या सरांचा मुद्दा पटला, आणि संभाजीनगरच्या सरांचाही अर्धा पटला. आपल्या भाषेतली एक अडचण मात्र कुणी मांडली नाही, ती विभक्ती प्रत्ययाची. ‘अपेंडचा उपयोग’ असे छापले तर कोडचा शब्द कुठे संपला आणि मराठी कुठे सुरू झाली हे नवशिक्याला दिसत नाही. म्हणून मी शीर्षक असे करते आहे: ‘यादीच्या शेवटी घटक जोडणे: अपेंड ही मेथड’. प्रत्यय लागलाच तर तो ‘मेथड’ला लागेल, कोडचा शब्द रोमन लिपीत, वेगळ्या टंकात आणि जसाच्या तसा राहील, आणि तो ओळीच्या आरंभी येत नसल्याने त्याचे पहिले अक्षर मोठे करण्याचा मोहही कुणाला होणार नाही. उद्या सहकाऱ्यांपुढे हाच नमुना ठेवते.

छत्रपती संभाजीनगर, सॉफ्टवेअर दस्तऐवजांचे लेखक
अशा रचनेला माझी हरकत नाही, मात्र शीर्षक लांबले हे खरे. अनुक्रमणिकेत ते दोन ओळींत मोडले, तर कोडचा शब्द मधेच तुटणार नाही एवढे छपाईपूर्वी अवश्य पाहावे.