अठ्ठावीस तासांची मोजणी

जपानमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा राहण्याजेवणाचा खर्च अर्धवेळ कामातून सहज निघतो, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. अशा विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तास कामाची मर्यादा असते. पण ती प्रत्येक नोकरीसाठी वेगळी नसून सगळ्या नोकऱ्यांची मिळून असते, आणि आठवडा कोणत्याही वारापासून मोजला तरी ती पाळली जावी लागते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मी सकाळी एका कोनबिनीत (रोजच्या गरजेच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात) आणि संध्याकाळी एका उपाहारगृहात काम करत असे. सोमवार ते रविवार असा हिशेब बरोबर जुळत होता, परंतु गुरुवारपासून मोजल्यावर तो ३१ तासांवर गेला, तेव्हा एक पाळी तातडीने सोडावी लागली. त्या दिवसापासून तासांची वही ठेवली.

शाळेच्या अधिकृत दीर्घ सुटीत दिवसाला ८ तासांपर्यंत काम करता येते, म्हणून भाड्याची तजवीज ऑगस्टमध्येच करून ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. कामाची परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागते. ती रहिवासी कार्डाच्या मागच्या बाजूला नोंदवलेली आहे ना, हे रुजू होण्यापूर्वी अवश्य पाहावे.