पोहायला कसे शिकलात? आणि कधी गटांगळ्या खाल्ल्यात का?

मोरपंखी:
काल लेकीला पहिल्यांदा टँकवर नेलं, सात वर्षांची आहे. तिने कडेचा दांडा सोडला आणि माझ्या पोटात एकदम गोळाच आला, आजोळची विहीर आठवली. पाठीला भोपळा बांधून मामाने मला वरून ढकललं होतं आणि खाली गाठ सुटली. मामा पायरीवर हसत उभा, त्याला वाटलं पोरगी मजेत आहे कारण मी ओरडलेच नाही. अहो ओरडणार कशी, तोंड वर येईतो परत खाली, हात नुसते पाणी दाबतायत. मामेबहिणीच्या लक्षात आलं, तिने कासरा फेकला. तुमचे अनुभव लिहा, मला आज काम सुचत नाहीये.

कट्ट्यावरचा:
भोपळा म्हणजे लाड हो. आमच्याकडे डालडाचा डबा, त्याला एक बारीक भोक होतं ते कोणालाच माहीत नव्हतं

रानवाट:
विहिरीचं जाऊ द्या, आता शेततळी बघा. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा पोरगा चांगला पोहणारा, तरी बुडता बुडता वाचला, कारण त्या प्लास्टिकच्या कागदावर पायच ठरत नाही, वर शेवाळ, काठ हातभर लांब आहे पण चढता येत नाही आणि तसंच दमून जातं माणूस. आम्ही चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, एका बाजूला टायरची शिडी. कुंपण पण केलंय पण पोरं तारेखालनं शिरतात, काय करणार.

मोरपंखी:
@रानवाट बापरे. गाठीचा दोर, हे भावाला सांगते आजच.

सिंधुदुर्गी:
समुद्राला विहिरीचा हिशोब लावू नका एवढंच सांगेन. आमच्या घरी पाव्हणे आले की पहिला प्रश्न, ओहोटी कधी? आत ओढायला लागला की लोक किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसतात आणि दमतात. किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळायचं. गोव्यात 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा आपलेच लोक त्यांच्याशी भांडतात. लाल झेंडा शोभेचा नसतो. 2016 साली मुरुडला पुण्याची कॉलेजची 14 मुलंमुली बुडून गेली, तेव्हापासून आमची आई एकाही पाव्हण्याला एकटं सोडत नाही.

पाऊलखुणा:
दंडाला लावायचे फुगे घेऊ नका प्लीज. माझ्या भाच्याचा निसटला, दुसऱ्या हातावरचा राहिला आणि तो एका कुशीवर गोल गोल. दोन फूट पाणी होतं, वहिनी फोनवर.

खडीसाखर:
नर्स आहे म्हणून लिहिते, ड्युटीवर आहे, घाईत. बाहेर काढल्यावर उलटं धरून पोटातलं पाणी काढत बसू नका, आमच्या गावात कुंभाराच्या चाकावर फिरवायचे, ते तर नकोच. श्वास नसेल तर आधी तोंडाने 5 श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने 108 लावायचा. आणि पोर उठून बसलं, हसलं तरी एकदा दाखवून आणा.

कट्ट्यावरचा:
चाकावर फिरवायचे हे खरंय, आमच्या आजोबांना फिरवलेलं. म्हणायचे बुडण्यापेक्षा चक्कर भयंकर 😄

डचवाडी:
इकडे नेदरलँड्समध्ये पोरांना ए डिप्लोमाला, म्हणजे पोहण्याच्या पहिल्या परीक्षेला, कपडे-बूट घालून पोहायला लावतात. पहिल्यांदा बघून मी हसले, मग कळलं, कालव्यात पडणारं पोर काय स्विमसूट घालून पडणारे! माझा मुलगा ओल्या जीन्सला घाबरला पण उताणं पडून तरंगला, तेवढंच हवं होतं मला. परवा आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, अगं सर्दी होईल त्याला.

पाऊलखुणा:
😂😂 सगळ्या आज्या सारख्याच

रानवाट:
पोहून आल्यावरची भूक कुणी काढलीच नाही. तीन भाकरी आणि झुणका, शिव्या तोंडी लावायला.

मोरपंखी:
मामाचं राहिलं सांगायचं. तो आता साठीचा, विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतलीये आणि नातवाला पोहायला शिकवायचं म्हटलं की स्वतः आधी पाण्यात उतरतो, वर उभा राहत नाही. तेव्हाचं काही बोलत नाही.
बॅच सुटली, पळते. केस फार कोरडे होतायत तिचे क्लोरीनने, काय लावता तुम्ही?

खडीसाखर:
आधी खोबरेल, वर टोपी. सिलिकॉनची घे, कापडी नको.