विषय: लिस्बनमधील चार दिवस, मार्गदर्शन हवे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझी शाळेपासूनची मैत्रीण मे महिन्यात पुण्याहून माझ्याकडे लंडनला येत आहे. दोघींनीही साठी ओलांडली आहे, पण संसाराच्या धबडग्यात लग्नानंतर चार दिवस निवांत एकत्र राहणे कधी जमलेच नाही, म्हणून लिस्बनला जायचे ठरवले आहे. सिंत्रा, फातिमा आणि पोर्तो ही गावेही त्याच चार दिवसांत बसवावीत का, तसेच तिच्या व्हिसाचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद

---

उत्तर: लिस्बनमधील चार दिवस

ताई, सप्रेम नमस्कार.

व्हिसाचे आधी सांगतो, कारण वेळ त्यालाच लागतो. ब्रिटनच्या व्हिसावर पोर्तुगालमध्ये प्रवेश मिळत नाही. मैत्रिणीला भारतातूनच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, काढू द्या. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमाही लागतो.

पोर्तो आणि फातिमा मात्र कृपया वगळा. गेल्या वर्षी मी कॉलेजच्या मित्राला घेऊन गेलो होतो आणि पहिल्याच दिवशी किल्ला, कॅथीड्रल, बेलेम असे सगळे उरकण्याचा घाट घातला. संध्याकाळी आल्फामा या चढउताराच्या जुन्या वस्तीतल्या पायऱ्या उतरताना त्याचा गुडघा धरला. त्यानंतर आम्ही दिवसाला एकच जागा ठरवली, आणि सहल खरी तेव्हा सुरू झाली.

कार्मोच्या मठाला अवश्य जा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तेथील चर्चचे छत कोसळले, ते पुन्हा बांधलेच नाही. दगडी कमानी आजही उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. माझा मित्र स्थापत्य अभियंता आहे. कमानींकडे पाहत तो बराच वेळ गप्प बसला आणि मग किल्लारीविषयी बोलू लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तो तिथे कामाला होता, हे मला माहीत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचा मातीचा भार लोकांच्या अंगावर कसा आला, हे त्याने मला कधीच सांगितले नव्हते. नंतर खाली बैशा भागात उतरलो, तेव्हा भूकंपानंतर उभारलेल्या तेथील घरांच्या भिंतींत आडव्या, उभ्या आणि तिरप्या लाकडांचा सांगाडा असतो, त्याला तिथे ‘पिंजरा’ म्हणतात, हे त्याने मला बोटाने हवेत आकृती काढून समजावले. अशा सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली होती, असे सांगतात. त्या एका दुपारसाठी मी पुन्हा लिस्बनला जाईन.

राहण्याची जागा बैशामध्येच घ्या, कारण तो भाग सपाट आहे. फुटपाथचे पांढरे दगड पावसात फार निसरडे होतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट आणा. २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये बसायचेच असेल तर सकाळी लवकर जा आणि पर्स पोटाशी धरा. गर्दीत खिसेकापू असतात. त्यापेक्षा काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडे कासिल्याशला जाणारी बोट मला अधिक आवडते. नदीवरून सारे शहर एका नजरेत येते. हॉटेलात न मागता पाव आणि ऑलिव्ह टेबलावर ठेवतात, खाल्ले तर त्यांचे पैसे बिलात लागतात.

एकदा तरी दोघींनी भाजीच्या दुकानात जावे. पाट्यांवर ‘बताता’, ‘कोव’, ‘अनानाश’ असे लिहिलेले दिसेल, म्हणजे आपले बटाटा, कोबी आणि अननस. ‘पेरा’ मागितला तर मात्र पेरू नव्हे, नाशपाती मिळेल. चावी, साबण आणि पगार हे शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

---

उत्तर: लिस्बनमधील चार दिवस

आदरणीय भाऊ, मनःपूर्वक आभार.

पोर्तो आणि फातिमा वगळले. सिंत्राही तिला विचारून ठरवीन. आज फोनवर तिला भाजीच्या दुकानाचे सांगितले, तेव्हा ती म्हणाली की पहिल्या दिवशी आधी तिथेच जायचे आणि स्वयंपाकघर असलेली खोली बघ, कोबीची भाजी मी करीन. तशी खोली शोधायला घेतली आहे.