अकादमीतून पुढे कोण जातं आणि घरी कोण येतं?

बोरिवली_स्लो (धागाकर्ता)

मे महिन्यात पोराला फुटबॉल अकादमीने 'रिलीज' केलं. शब्द त्यांचाच. रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर पाच ओळी, खाली जोडलेले हात, आणि शेवटी 'किट धुऊन शनिवारपर्यंत जमा करावे'. बायकोने सतरा नंबरची जर्सी धुतली, वर इस्त्रीही केली. म्हटलं, इस्त्री कशाला? तर म्हणाली, आपल्याकडून चुरगळलेलं जायला नको.

अकादमीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. चार वर्षं तिथे होता, आता पंधराचा आहे. रडगाणं गायला धागा काढलेला नाही, एक गोष्ट खटकलीय ती मांडतो. अंडर-थर्टीनला जी पोरं निवडली, त्यांतल्या बऱ्याच जणांचे वाढदिवस मला पाठ आहेत, कारण केक आम्हीच खाल्लेत. बहुतेक जानेवारी ते एप्रिल. आमचा नोव्हेंबरचा. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते, म्हणजे आमच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा मुलगा त्याच गटात. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि धक्क्याला न हलणारा खांदा. तो थोराड दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून जास्त खेळतो, आणि जास्त खेळून खरंच चांगला होतो. मग सगळे म्हणणार, बघा, टॅलेंट होतंच. युरोपातल्या अकादम्यांतही वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली पोरं जास्त भरतात, हे तिकडच्या अभ्यासकांनी कधीच दाखवून दिलंय.

माझं म्हणणं एवढंच, की अकादमी गुण नाही बघत, अंगकाठी बघते. पटत नसेल तर बोला.

---

दुसरा_पाय

उपनगरात पोरांना शिकवतो, बरीच वर्षं झाली. जन्ममहिन्याचं तुमचं अगदी खरं. आपल्याकडे त्यावर वयचोरीचा मसाला. दोन-दोन जन्मदाखले मी या डोळ्यांनी पाहिलेत. म्हणून तर युवा लीगमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, ती टीडब्ल्यू-थ्री टेस्ट.

पण हे तेराव्या वर्षाचं झालं. सोळाव्यापर्यंत उंच्या जुळत येतात, आणि तोवर टिकलेलं बारकं पोर बऱ्याचदा जास्त हुशार निघतं, कारण धक्क्यावर चालत नाही म्हटल्यावर त्याला डोकं चालवावंच लागतं. तेव्हा पंधराव्या वर्षी सोडलं त्याचं खापर नोव्हेंबरवर फोडू नका, राग मानू नका.

गेल्या आठवड्यातलंच सांगतो. टर्फवर दोन पोरं, दोघांचे पाय सुरेख. पहिल्याकडे पास आला, त्याने तळव्याखाली चेंडू छान थांबवला आणि मग मान वर केली. तोवर डिफेंडर अंगावर. दुसऱ्याने चेंडू गवतावरून येत असतानाच एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघितलं, एकदा डाव्या. चेंडू घेतला तो लांबच्या पायावर, अंग आधीच वळलेलं. फरक अर्ध्या सेकंदाचा. बाहेर उभ्या पालकांनी टाळ्या पहिल्यालाच वाजवल्या, कारण त्याने नंतर दोन जणांना चकवलं. चकवायची वेळ का आली, ते कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट, कमजोर पाय. जूनमध्ये वीस पोरांना सांगितलं, रोज दहा मिनिटं भिंतीवर फक्त त्याच पायाने. पावसाळा संपल्यावर एका पासमध्ये कळतं कोणी केलं. यंदा तिघांनी. बाकीच्यांचं जिम चालू आहे आणि रील्स.

आणखी एक. २०१७च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची आपली २१ पोरं गोव्याच्या शिबिरात एकाच ताटात जेवली. जीक्सन, सुरेश, अन्वर अली राष्ट्रीय संघात स्थिरावले. काहींचं नाव आता आठवावं लागतं. महिना कुठला होता, याने हे समजावून दाखवा.

---

पिवळं_कार्ड

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि जे सरांनी शिष्टाचारापोटी लिहिलं नाही ते मी लिहितो. पोरं फुकट जातात ती बापांमुळे. अंधेरीच्या कुठल्याही टर्फवर रविवारी सकाळी जाऊन उभे राहा. 'मार! मार! पास नको देऊ!' कोच एक सांगतो, बाप दुसरं ओरडतो, पोरगं मध्ये लोंबकळतं. पंधरा हजारांचे बूट, आणि बॅग उचलायला बाबा. बोरिवली_स्लो, तुम्ही असे आहात असं म्हणत नाही. पण चार वर्षं प्रत्येक सेशनला हजर होतात ना? मी आपलं सहज विचारलं.

---

बोरिवली_स्लो

हजर होतो. ओरडलो नाही. बॅग पोरगंच उचलायचं, कारण माझ्या हातात डबा असायचा. पुढे बोला.

---

गल्ली_नऊ

जेमी वार्डी. विषय संपला.

---

राखीव_गोली

प्रत्येक धाग्यात हा इंग्लंडचा स्ट्रायकर वार्डी येतोच, जसा प्रत्येक लग्नात एक काका नाचतो. आलाच आहे तर त्याची गोष्ट पूर्ण तरी सांगा. शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी बारका म्हणून सोडला, खरंय. पण त्याने खेळ कायमचा सोडला नाही. स्टॉक्सब्रिज नावाच्या गावच्या क्लबात गेला, मग हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, मग २०१२ मध्ये लेस्टर, आणि २०१६ला प्रीमियर लीगचा कप. हे घडलं कारण तिकडे वरच्या लीगखाली डिव्हिजनवर डिव्हिजन आहेत आणि प्रत्येकीत दर शनिवारी सामना. वार्डी जिद्दीचा होताच, पण त्याला पाय ठेवायला पायरी होती.

आता आपलं बघा. आपल्याकडचा वार्डी म्हणजे राहुल भेके. अस्सल मुंबईचा पोरगा. १७ मार्च २०१९, आपल्या अंधेरीच्या शहाजी राजे संकुलात आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, जादा वेळेत कॉर्नर आला आणि भेकेने डोक्याने गोल मारून बंगळुरूला कप दिला. मी गोलामागेच होतो, घसा दोन दिवस बसला. भारताची जर्सी त्याला त्याच वर्षी मिळाली, वय अठ्ठावीस. अठ्ठावीस! पुढे एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीचा विजयी गोलही त्याचाच. एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लब जिंकायची ती पहिलीच वेळ.

पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं का हे? नाही. मग विशीत तो होता कुठे? एअर इंडियाचा संघ, मग मुंबई एफसी क्लब. आता या पायऱ्यांचं काय झालं ते ऐका. महिंद्र युनायटेड, २००५-०६चे राष्ट्रीय लीग विजेते, २०१० मध्ये बंद. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत बसली नाही म्हणून आय-लीगबाहेर, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगबाहेर. मुंबई एफसी २०१७ला शेवटून पहिली आली आणि संपली. दुसरा_पाय सर, तुमच्या २१ पोरांसाठी फेडरेशनने इंडियन ॲरोज नावाचा अख्खा संघ आय-लीगमध्ये उतरवला होता, म्हणून ती पोरं अठरा-एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांशी खेळली. तोही २०२२ मध्ये बंद.

म्हणजे आज मुंबईत सतराव्या वर्षापर्यंत अकादम्या, टर्फ, रिंक स्पर्धा यांचा पूर. आणि त्यानंतर थेट आयएसएल, जिथे एका संघात आपली किती पोरं मावणार? जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलच्या आयोजकांनी हंगामच स्थगित ठेवला. मधली सहा-सात वर्षं पोराने काय खायचं? मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी खेळाडू कोट्यातून चिकटलो. पगार सुरू झाला, आई खूश झाली, आणि गोलपोस्टमधून मी कधी ऑफिसच्या खुर्चीत गेलो ते कळलं नाही. माझ्याहून चांगले दोघे होते, त्यांना कोटाही मिळाला नाही. एक टेम्पो चालवतो. त्याचा डावा पाय तुमच्या त्या तीन पोरांपेक्षा आजही बरा असेल.

---

विरार_फास्ट

मुलगी खेळते म्हणून लिहिते, इथे सगळी 'पोरं पोरं' चाललीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल नवी मुंबईत झाली, डी. वाय. पाटीलला. आम्ही मायलेकी गेलो होतो, स्पेन जिंकलं. परतीच्या गाडीत लेक म्हणाली, मला रोज प्रॅक्टिस हवी. रोज म्हणजे नालासोपारा ते अंधेरी जाऊन-येऊन, गर्दीत, बूट प्लास्टिकच्या पिशवीत, कारण स्टड लागले की बायका भांडतात. रात्री दहाला जेवण, सकाळी साडेसहाला शाळा. मान फिरवायची आठवण कुणाला राहणार हो सर, झोपेने मान लटकत असते. राहायची सोय असलेल्या अकादमीतली पोरं पुढे गेलेली दिसतात, त्यात मला तरी नवल वाटत नाही. आठ तास झोपतात ती.

---

शाहू_स्टेडियम

मी मूळचा कोल्हापूरचा, आता कांजूरला. तुमच्या मुंबईत फुटबॉल आहे ओ, पण बघायला माणूस कुठाय? आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, एकेका पेठेचा संघ. स्थानिक सामन्याला शाहू स्टेडियमवर हजारोंनी लोक, हरला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पोराला जाब. त्या २०१७च्या संघातला अनिकेत जाधव आमचाच. अठरा वर्षांच्या पोराला पेठ आपली मानती तवा त्याला खेळ सोडायची लाज वाटती. हितं सोडला तर शेजाऱ्याला पण कळत नाही.

---

दुसरा_पाय

विरार_फास्ट, ताई, तुमचं मान्य. झोपेला उत्तर नाही माझ्याकडे. तुमच्या लेकीला रविवारी घराजवळच्या भिंतीवरच अर्धा तास करू द्या, तेवढंही पुष्कळ.

राखीव_गोली, पायऱ्या तुटल्या हे कबूल. पण एकाच गोष्टीवर सगळं टांगू नका. २०१७च्या त्याच संघात मणिपूरची आठ पोरं होती. तिकडे कुठली एअर इंडिया होती?

---

राखीव_गोली

तिकडे गावागावात क्लब आहे आणि त्याला लीग आहे. म्हणजे शाहू_स्टेडियम सांगतायत तेच. आणि योगायोग बघा. सात वर्षं मुंबई एफसीचे कोच असलेले खालिद जमील २०१६ मध्ये इथून बाहेर पडले, मिझोरमच्या ऐझॉल क्लबला गेले. त्याच हंगामात ऐझॉल आय-लीग विजेते आणि मुंबई एफसी तळाला. कोच तोच, फक्त मागे उभा गाव बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारताचे कोच झाले.

---

पिवळं_कार्ड

छान. म्हणजे महिना, मान, पायरी, झोप, पेठ. पोराने स्वतः काही करायचं असतं का नाही, की सगळं नगरपालिकेनेच करायचं? मणिपूरच्या पोराच्या पोटात आग असते. इथे हरून आल्यावर बर्गर मिळतो.

---

राखीव_गोली

आग माझ्या टेम्पोवाल्या मित्राच्या पोटातही होती. बर्गर नव्हता.

---

बोरिवली_स्लो

उशिरा लिहितोय, ऑडिट होतं. राखीव_गोली, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. पोराला एका लहान क्लबात घातलंय, मुंबई लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. चेंजिंग रूम म्हणजे झाड. सोबतचे दोघे डिलिव्हरी करतात, एक थेट शिफ्ट संपवून हेल्मेट घेऊनच येतो. धक्के भरपूर बसतायत, पण पूर्ण सत्तर मिनिटं खेळायला मिळालं, गेल्या सबंध वर्षात मिळालं नव्हतं. जन्ममहिन्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

दुसरा_पाय सर, तुमचं वाचून रविवारी कडेला उभा राहून मोजलं. हातात डबा होता म्हणून बोटांवर. पहिल्या वीस मिनिटांत चेंडू अकरा वेळा आला. मान आधी फिरली चारदा.

त्याला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी परत मोजतो.