मालकंस आणि हिंदोळम एकच, असं म्हणणाऱ्यांसाठी

खर्जातला (धागालेखक)

"शेवटी काय हो, हिंदुस्तानी काय नि कर्नाटक काय, एकाच झाडाच्या दोन फांद्या." जुगलबंदीचं निवेदन या वाक्याशिवाय पुरं होत नाही. निवेदक ते म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मग दोघे कलाकार मालकंस-हिंदोळम नाहीतर यमन-कल्याणी घेऊन बसतात. पुरावा काय, तर बघा, स्वर तेच!

स्वर तेच, कबूल. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. पण पेटीच्या पाच पट्ट्या दाबून राग उभा राहत असता तर गुरूकडे वर्षानुवर्षं घासायची गरजच नव्हती. आपला मालकंस रात्रीचा. गवई मंद्रात (खालच्या सप्तकात) निषाद-धैवताशी रेंगाळतो, मींडेने, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरत, मध्यमावर येतो आणि तिथे बसतो. घाई कसलीच नाही. हिंदोळम तिकडे सकाळी अकराच्या कचेरीतही (कचेरी म्हणजे त्यांची मैफल) गातात आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. त्यागराजांची एखादी कृती (तिकडची बांधलेली रचना) मध्यलयीत सुरू होते. पल्लवीची, म्हणजे सुरुवातीच्या भागाची, पहिलीच ओळ चार-सहा वेळा येते आणि दर वेळी तिला एकेक संगती, म्हणजे नवी सजावट, वाढत जाते. स्वर सरळ ठेवतच नाहीत, तो गमकाने झुलतच येतो. आपल्या कानाला ती सुरुवातीला थरथर वाटते. त्यांच्या कानाला आपला उभा स्वर कोरडा वाटतो.

यापेक्षाही मोठा फरक बघायचा असेल तर गायकाच्या उजव्या हाताकडे बघा. आदि ताल असेल तर मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. झाल्या आठ. मुंबईत षण्मुखानंद सभागृहात गेलात तर पुढच्या दोन रांगांत बहुतेकांचे हात असेच चाललेले दिसतात. का? कारण मृदंगम ठेका धरत नाही. तो कृतीच्या अंगाने वाजतो, शब्दांना कोंदण करतो, मधूनच गप्प बसतो. मात्रा सांभाळायच्या त्या गायकाने आणि श्रोत्यांनी. आपल्याकडे हे काम तबल्याचं. "धिं धिं धागे तिरकिट" अखंड चालू राहतं म्हणून तर ख्यालगायक लयीवर मागे-पुढे रेलू शकतो. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं आवर्तन इतकं लांबतं की बोटांवर मोजायला गेलात तर गाणं ऐकायचं राहूनच जाईल.

आणि तिसरं म्हणजे रचना. आपली बंदिश दोन-चार ओळींची. ती कुणी बांधली हे कित्येकदा गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिकडे पल्लवी, अनुपल्लवी, चरण, आणि शेवटी रचनाकाराची मुद्रा, म्हणजे नावाची खूण. निरवल (एकाच ओळीचा विस्तार) आणि कल्पनास्वर (ऐनवेळी रचलेली सरगम) येतात ते कृतीच्या आधाराने. मैफिलीहून परतताना आपण विचारतो कोण गायलं, ते विचारतात कुठली कृती घेतली.

ही दोन वेगळी संगीतं आहेत. "एकच" म्हणण्यात मला औदार्य कमी आणि आळस जास्त दिसतो. दुसऱ्याचं न ऐकता त्याला आपल्यात जमा करून टाकायची ती सोय आहे.

---

तुंगभद्रेपलीकडून

लेख झकास, निष्कर्ष साफ अमान्य.

शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत. म्हणजे आजच्या दौलताबादेत, तुमच्याच मराठवाड्यात. त्यावर पंधराव्या शतकात टीका, म्हणजे भाष्य, लिहिलं कल्लिनाथाने, विजयनगरात बसून. उत्तरेचे पंडित त्याच ग्रंथाचा दाखला देतात, दक्षिणेचेही तोच. मूळ एक असल्याशिवाय हे होतं का?

आणि रेघ मारणार तरी कुठे? मी धारवाडचा. घरात कन्नड आणि कानात ख्याल. भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. सगळे कन्नड मुलखातले आणि गायले हिंदुस्तानी. तिकडे म्हैसूरला गेलात की भाषा तीच आणि गाणं कर्नाटक. मन्सूरांचं सुरुवातीचं शिक्षण तर अप्पय्या स्वामींकडे, कर्नाटक संगीताचं. त्यानंतर ते मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले. एका गळ्यात दोन्ही मावली ना?

अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायले, कर्नाटक गाणं मन लावून ऐकलं, आत्मसात केलं. त्यांच्या सरगमेवर ती छाप स्पष्ट आहे. १९३७ साली ते गेले तेही पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनात. तुमच्या 'दोन वेगळ्या' संगीतांमध्ये हा माणूस आयुष्यभर ये-जा करत होता.

---

खर्जातला

@तुंगभद्रेपलीकडून, धारवाडचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. गंगूबाई हनगलांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या, उत्तम गायच्या. लेक हिंदुस्तानी शिकू लागली तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गाण्याचा परिणाम नको म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं थांबवलं, हे सगळीकडे सांगितलं जातं. दोन्ही एकच असती तर त्या माउलीला गप्प बसायची काय गरज होती? तिला फरक घशात कळत होता.

आणि ये-जा करायला दोन गावं लागतात, साहेब.

---

लिंबूटिंबू

इडलीचं पीठ आंबवतात, ढोकळ्याचंही आंबवतात. सबब दोन्ही एकच. चला, चटणी आणा.

---

वैद्य_अलिबाग

एक गोष्ट कुणी स्पष्ट बोलत नाही. दक्षिणेत आक्रमणं कमी पोचली म्हणून तिथलं संगीत मूळ स्वरूपात शुद्ध राहिलं. आपलं दरबारात गेलं आणि बदललं. फरकाचं कारण एवढंच आहे, बाकी पाल्हाळ.

---

मैलापूरची सून

@वैद्य_अलिबाग, लग्न होऊन चेन्नईत आले त्याला बरीच वर्षं झाली. तुमचा हा मुद्दा इथेही लोक छाती फुगवून सांगतात आणि मला दर वेळी हसू येतं.

ज्याला 'शुद्ध' म्हणता त्या कचेरीत गायकाच्या शेजारी काय वाजतं? व्हायोलिन! इंग्रजांच्या बँडमधून आलेलं. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी ते शिकले आणि त्यांनी ते या गाण्यात रुजवलं. खुद्द मुत्तुस्वामी काही वर्षं काशीला राहिले. त्यांच्या द्विजावंती रागात आपली जयजयवंती सरळ ऐकू येते. आधी वर्णम (सुरुवातीची रचना), मग छोट्या कृती, मग मुख्य राग, तनि आवर्तनम (तालवाद्यांचं एकल वादन), शेवटी हलकंफुलकं, हा जो आजच्या कचेरीचा क्रम आहे तो विसाव्या शतकात अरियाकुडी रामानुज अय्यंगारांनी बसवला. रेकॉर्डच्या जमान्यातली गोष्ट आहे ही. सनातन वगैरे काही नाही.

आणि आपलं दरबारात जाऊन 'बदललं', म्हणजे बिघडलं असंच ना? मग अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ, भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांना वजा करा आणि महाराष्ट्रातलं गाणं किती उरतं ते सांगा. हंसध्वनी हा दक्षिणेचा राग आपल्याकडे रुळला तो अमान अली खाँसाहेबांमुळे.

आता @खर्जातला, तुमच्याशीही भांडण आहे. तंजावर तुम्ही विसरलात. कर्नाटक संगीताचे तीन थोर रचनाकार श्यामा शास्त्री, त्यागराज, दीक्षितर, तिघेही तिरुवारूरचे, आणि त्या काळात तिथे राज्य भोसल्यांचं होतं. त्याच घराण्यातल्या तुळजाराजांचा 'संगीत सारामृत' इथे आजही आधारग्रंथ मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तनं तंजावरकरांनी ऐकली आणि कृष्ण भागवतरांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथा उभी केली. त्या हरिकथेत आजही साकी येते, दिंडी येते, ओवी येते. नावासकट! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारच्या मामींचा हात धरला आणि म्हटलं, हे आमचं आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "छे, हे तंजावरचं."

---

खर्जातला

@मैलापूरची सून, ताई, मामींचं उत्तर माझ्याच पारड्यात पडतं. साकी-दिंडी इथून गेली आणि तिथली झाली. अभंगाचंही तेच. कचेरीच्या शेवटी हल्ली तिकडे हमखास अभंग असतो, पण गमकं त्यांची, मृदंगम त्यांचा, आणि 'विठ्ठला'तला ठ्ठ मऊ होऊन येतो. ऐकायला गोड लागतं. आपल्या देवळात पखवाज-टाळावर म्हणतात त्याच्याशी ताडून बघा. देवाणघेवाण मी नाकारतच नाही. घेतलेली वस्तू ज्याच्या घरी जाते त्या घरची होते, एवढंच म्हणणं आहे.

---

मिरजेचा मधू

आमच्या गावाबद्दल दोन शब्द. तंबोरा दोन्हीकडे लागतो, यावर तरी वाद नसावा. मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा. शिकलगारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बनतो. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, वाळवून, पोखरून, त्यावर तबकडी. तंजावरचा फणसाच्या लाकडाचा, भोपळ्याच्या जागीही लाकूडच कोरलेलं. दोन्ही शेजारी छेडून बघा. भोपळ्याचा नाद पसरतो, घुमत राहतो. लाकडाचा आटोपशीर आणि टोकदार. जवारी (तारेचा झणकार) लावायची युक्ती मात्र तीच, घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. आता वाद्य एक की दोन ते तुम्ही ठरवा, मी दुकानातून लिहितोय, गिऱ्हाईक उभं आहे.

---

चौताल

धागालेखकाच्या युक्तिवादाला मोठं भोक आहे आणि ते कुणी दाखवलेलं नाही.

मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हींचे स्वर तेच. भूप आणि देशकारचेही तेच. चलन वेगळं, वजन वेगळं, वेळ वेगळी, म्हणून राग वेगळे. पण त्यामुळे आपण मारवा एका संगीतातला आणि सोहनी दुसऱ्यातली असं म्हणतो का? मालकंस आणि हिंदोळममध्ये तुम्ही जो फरक दाखवलात तो याच जातीचा आहे. त्यातून दोन राग सिद्ध होतात, दोन संगीतं नाही.

मांडीवरच्या टाळीचं म्हणाल तर ध्रुपद ऐका. ध्रुपदगायकही हाताने ताल दाखवतो. पखवाजही तिथे नुसता ठेका धरून बसत नाही, गायकाच्या लयकारीशी झोंबी घेतो. म्हणजे ज्याला तुम्ही दक्षिणेचं वैशिष्ट्य म्हणताय ते आपल्या घरात अजून जिवंत आहे. वेगळा झाला तो ख्याल. फार तर असं म्हणा की एका कुटुंबातला एक मुलगा स्वतंत्र राहायला लागला.

आणि आपल्या दहा थाटांचं, म्हणजे रागांच्या वर्गवारीच्या दहा साच्यांचं, काय करणार? व्यंकटमखींनी सतराव्या शतकात तंजावरच्या नायकांच्या दरबारात 'चतुर्दण्डीप्रकाशिका' लिहिली आणि ७२ मेळ (तिकडचे रागांचे मूळ स्वरसाचे) मांडले. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत फिरले, एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, ती सगळी व्यवस्था समजून घेतली आणि पुढे आपले थाट बसवले. आपल्या परीक्षांच्या पुस्तकांचा सांगाडाच तिकडून आलाय.

---

खर्जातला

@चौताल, मुद्दा दमदार आहे, पण एक परीक्षा घेऊ. पूरिया तयार असलेल्या विद्यार्थ्याला मारवा सांगा, त्याच तालमीत तो मार्ग पकडेल. ऋषभ-धैवताचं वजन कळलं की निम्मं काम झालं. मालकंस तयार असलेल्याला हिंदोळममधली कृती द्या. त्याला गळा नव्याने घडवावा लागेल, ताल नव्याने शिकावा लागेल, मंद्रातली आपली सावकाश बढत बाजूला ठेवावी लागेल. हा फरक रागाच्या पातळीवर थांबत नाही, तालमीपर्यंत जातो. म्हणून मी संगीत वेगळं म्हणतो.

भातखंड्यांचा सांगाडा परीक्षेपुरता. थाट बघून कोण गातं? तिकडे ७२ मेळांतल्या खरहरप्रिया, कल्याणी, तोडी या मेळांतच मोठमोठ्या कृती आहेत, मेळ हाच राग म्हणून गायला जातो. आणि त्यांच्या तोडीला स्वर आपल्या भैरवीचे, हे नवशिक्यांच्या माहितीसाठी. एकदा जुगलबंदीच्या जाहिरातीत दोन्हीकडची 'तोडी' छापलेली बघितली आणि धन्य झालो.

ध्रुपदाचं मानतो. पण आजच्या मैफिलीत ध्रुपद किती असतं? मी आज ऐकू येणाऱ्या दोन संगीतांबद्दल बोलतोय, शार्ङ्गदेवाच्या काळाबद्दल नाही.

---

तुंगभद्रेपलीकडून

म्हणजे भेद अलीकडचा, हे तुम्ही आता लिहून दिलंत. आम्ही हेच सांगत होतो.

---

खर्जातला

अलीकडचा म्हणजे तीन-चारशे वर्षांचा तरी. तेवढ्यात तंजावरला गेलेली मराठी आपल्याला धड कळेनाशी झाली. गाण्याने तसंच राहावं अशी अपेक्षा का?

---

मैलापूरची सून

तंजावरची मराठी मला कळते हं. पहिला आठवडा जड गेला, एवढंच.

आणि जुगलबंदीवर दोघांचंही एकमत होईल असं एक सांगते. सुरुवातीची दहा मिनिटं दोघे आपापलं गातात ती ऐकण्यासारखी असतात. नंतर सवाल-जवाब सुरू झाले की वेग वाढतो, गमक जाते, मींड जाते, दोन्हीकडचं जे वेगळं होतं तेच आधी गळून पडतं आणि टाळ्या तिथेच सगळ्यात जास्त पडतात. डिसेंबरात इथे संगीतसभांचा हंगाम असतो, दुपारच्या बऱ्याच कचेऱ्या फुकट असतात. कुणी येणार असेल तर कळवा. जागा पुढची धरू, हात बघता येतील अशी.

---

तुंगभद्रेपलीकडून

डिसेंबरात सवाई असतं हो पुण्यात. तारखा बघून सांगतो.