'अर्धसूत्री' की 'अर्धगुणसूत्री'? आणि अर्धं नक्की काय होतं?

मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. काल विज्ञानाचा धडा वाचताना आम्ही दोघी एका शब्दावर अडलो. पुस्तकात 'अर्धगुणसूत्री विभाजन' आहे, तिच्या क्लासच्या नोट्समध्ये 'अर्धसूत्री'. तिचा प्रश्न, आई अर्धं म्हणजे विभाजन अर्धवट राहतं का गुणसूत्र मधोमध तुटतं? मला नीट सांगता येईना. शिवाय 'शरीराच्या पेशींचं सूत्री आणि लिंगपेशींचं अर्धसूत्री' असं तिनं पाठ केलंय, आणि त्यामुळे अर्धसूत्री म्हणजे फक्त लिंग गुणसूत्रांचं, एक्स आणि वायचं काहीतरी असतं असं तिच्या डोक्यात बसलंय. हे शब्द आले कसे आणि समजावायचे कसे?

*

जीवशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. सूत्र म्हणजे दोरा, मंगळसूत्रातलं तेच सूत्र. पेशी विभागायच्या वेळी केंद्रकात दोऱ्यासारखं काहीतरी, म्हणजेच गुणसूत्रं, दिसतं हे बघून जर्मनीत वाल्टर फ्लेमिंगनं 1882 मध्ये ग्रीक 'मितोस' म्हणजे दोरा यावरून मायटॉसिस शब्द केला, त्यामुळे आपला 'सूत्री' अगदी चपखल आहे. मायोसिस, म्हणजे आपलं अर्धसूत्री, हा शब्द नंतरचा, 1905 चा, फार्मर आणि मूर या दोघांचा, त्याचा ग्रीक अर्थ कमी होणं. म्हणजे मूळ शब्दात नुसती घट आहे, घट किती ते मराठीनं सांगून टाकलं. ('न्यूनीकरण विभाजन' असंही कुठे कुठे वाचायला मिळतं, तो मूळ अर्थाला जास्त जवळ.)

आता मुलीची अडचण. ती 'अर्धगुणसूत्र' असं जोडून वाचतेय, कर्मधारय केल्यासारखं, अर्धं असं गुणसूत्र. हा बहुव्रीही समजून वाचायचा, ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात असं विभाजन. दहावीला समास आहेतच, तिला लगेच कळेल. तुटत काही नाही, मोजणी निम्मी होते. आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं म्हणजे 23 जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं एक बाबांकडचं. सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची आधीच नक्कल झालेली असते, ती नक्कल वेगळी होऊन दोन्ही पेशींना 46 च मिळतात. मायोसिसमध्येही नक्कल एकदाच होते पण विभाजन दोनदा. पहिल्या फेरीत जोडीदार एकमेकांपासून वेगळे होतात आणि संख्या 23 वर येते, दुसरी फेरी जवळजवळ सूत्रीसारखीच, शेवटी चार पेशी. आणि एक्स-वाय ही त्या 23 पैकी एकच जोडी, बाकीच्या 22 जोड्यांचंही हेच होतं. लिंगपेशी आणि लिंग गुणसूत्र या दोन शब्दांत लिंग आलं की मुलं गोंधळतातच, मी म्हणून वर्गात लिंगपेशीला (शुक्रपेशी किंवा अंडपेशी) 'युग्मक' म्हणते.

*

माझा आक्षेप 'लिंगपेशींचं अर्धसूत्री' या शब्दप्रयोगालाच आहे. शुक्रपेशी किंवा अंडपेशी स्वतः मायोसिसनं विभागत नाही, ती मायोसिसमधून *तयार* होते. वृषणातल्या ज्या मूळ पेशींपासून शुक्रपेशी होतात त्या आपली संख्या वाढवतात ती साध्या सूत्री विभाजनानंच, त्यातल्या काही पुढे मायोसिसकडे वळतात. म्हणून 'युग्मक तयार करणारं विभाजन' म्हणावं, चार अक्षरं जास्त गेली तरी चालतील पण चुकीचं डोक्यात बसू नये.

आणि तुमच्या मुलीचा 'अर्धवट राहतं का' हा प्रश्न फार चांगला आहे हो. मुलीच्या अंडाशयात हे विभाजन ती जन्मायच्या आधीच सुरू होतं आणि पहिल्याच फेरीत थांबतं, ते पुढे सरकतं वयात आल्यावर, महिन्याला साधारण एका पेशीत, आणि दुसरी फेरी पुरी होते ती शुक्रपेशी आत शिरल्यावरच. म्हणजे काही पेशी चाळीस चाळीस वर्षं अर्धवट थांबलेल्या असतात! तिथे चार सारख्या पेशीही होत नाहीत, एक मोठी अंडपेशी आणि बाकीच्या अगदी चिमुकल्या, त्या वाया जातात.

*

आम्ही नाशिककडचे, आमच्याकडे दोन्ही विभाजनं एकाच पिकात सापडतात. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवला की मुळं फुटतात, त्या मुळांच्या टोकांची स्लाइड कॉलेजात सगळ्यांनी केलेली असते, ते सूत्री, 16 ची 16 गुणसूत्रं. आणि कांद्याला डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आला की त्याच्या बोंडातल्या न उमललेल्या कळ्यांत परागकण होताना मायोसिस होतं, 16 ची 8. फूल उमलल्यावर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

*

यात केळी पण घ्या. आपल्या नेहमीच्या खायच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, 11 चे तीन म्हणजे 33, मग जोड्या कशा लावणार? मायोसिस तिथेच कोलमडतं, म्हणून बी धरत नाही. जळगावकडे बाग वाढते ती मुनव्यांवर (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर) किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांवर, म्हणजे सगळा कारभार सूत्री विभाजनाचा. 'अर्धं' होणं किती गरजेचं ते यावरून कळतं.

*

सगळ्यांचे खूप आभार. बहुव्रीही सांगितल्यावर तिची ट्यूब पेटली. मग कपाटातले मोज्यांचे जोड काढून पहिली फेरी करून बघितली, एक मोजा इकडे एक तिकडे. त्यात तिच्या लक्षात आलं की कोणता मोजा कुठल्या बाजूला जाईल ते दर जोडीला वेगळं पडू शकतं. 23 जोड्यांचं गणित तिनं स्वतः केलं, दोनचा तेविसावा घात, 83,88,608. आता विचारतेय की दादा आणि मी एकाच आईबाबांचे असून इतके वेगळे ते यामुळेच का?

*

हो, यामुळेच, आणि अजून एक. पहिल्या फेरीत वेगळं व्हायच्या आधी जोडीदार गुणसूत्रं चिकटून बसतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. म्हणजे मोजे नुसते वाटले जात नाहीत, वाटायच्या आधी त्यांच्या पट्ट्यांचीही अदलाबदल होते. तिथे मात्र गुणसूत्र खरंच तुटतं आणि परत जोडलं जातं. वर 'तुटत काही नाही' असं मी लिहिलं ते फक्त संख्येपुरतं होतं, तिला हे नक्की सांगा.